लाल पेटीतली राख

१

लाल पेटीचं झाकण निघालं आणि टाऊन हॉलमधला गलका एकदम थांबला.

पेटीत मतांच्या चिठ्ठ्या नव्हत्या. काळा, ओलसर, कोळशासारखा लगदा होता. मोजणी करणाऱ्या कारकुनाने त्यात बोट घातलं आणि ओरडून मागे घेतलं. बोटाचं कातडं भाजलं होतं.

"तेजाब!" लीलाधर चौधरी खुर्ची ढकलून उठला. लाल पेटी त्याच्या मतांची होती. जिनिंग फॅक्टरीचा मालक, नगरपालिकेचा जुना सभासद, शाळा कमिटीचा अध्यक्ष. "माझ्या मतांवर तेजाब टाकलं! गावात तेजाब कोणाच्या घरी असतं, लहान पोराला विचारा!"

सगळ्या माना गिरधरशेठकडे वळल्या. पिवळी पेटी गिरधरशेठची. त्याच्या कारखान्यात चांदीची तार ओढली जायची, आणि चांदी शुद्ध करायला तेजाबाच्या बरण्या लागायच्या.

"तोंड सांभाळ, लीलाधर!" गिरधरशेठ गरजला. "पेटीला लाख लागलेली, शिक्का जसाच्या तसा. मी काय हवेतून तेजाब टाकलं?"

"शिक्का ज्याच्या हातात, त्याने टाकलं!"

आता माना दुसरीकडे वळल्या. भिंतीशी निर्मलाबाई देव उभ्या होत्या. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. वॉर्डातल्या बायकांचं मतदान त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच देखरेखीखाली झालं होतं. एका बाईला हे काम देण्याची बऱ्हाणपुरातली ती पहिलीच वेळ. त्यांचा भाऊ गिरधरशेठकडे मुनीम होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"मी पेटी रिकामी दाखवली, मग बंद केली," निर्मलाबाई म्हणाल्या. "मतदान संपल्यावर सगळ्यांच्या समोर फटीवर लाख लावली. त्यानंतर—"

"त्यानंतर बाई, तुम्ही घरी जा," लीलाधर म्हणाला. "शाळेत परत पाऊल टाकू नका. आणि सरकारला मी लिहितो. बायकांच्या हातात पोलिंग दिलं की असंच होणार. पुढच्या खेपेला बायकांची वेगळी जागाच नको!"

बाहेरच्या गर्दीतून एक दगड आला आणि खिडकीची काच फुटली.

२

खांडव्याहून चौकशीसाठी नायब तहसीलदार दत्तात्रय सबनीस आले. सुकलेल्या चेहऱ्याचा, कमी बोलणारा माणूस. स्टेशनवर त्यांना घ्यायला दोन्ही पक्षांचे टांगे आले होते. सबनीस दोन्ही टांग्यांकडे न बघता पायी निघाले, आणि त्यामुळे आल्या आल्याच दोन्ही पक्ष त्यांच्यावर रागावले.

त्यांनी आधी पेटी पाहिली. लाकडी पेटी, लाल रंगाची. तळाची फळी आतून जळाली होती. त्यांनी चिमट्याने लगद्याचा एकेक थर उलगडला. खाली सगळा कोळसा. वर मात्र पाच-सात चिठ्ठ्या अशा निघाल्या, ज्यांची खालची बाजू काळी आणि वरची पांढरी होती.

मग त्यांनी निर्मलाबाईंना बोलावलं. शाळेच्या फाटकावर कोणीतरी शेण फासलं होतं. बाई ते पाहूनच आल्या होत्या.

"बायका मत कशा देत होत्या ते सांगा," सबनीस म्हणाले.

"घरंदाज बायका घुंगट काढत नाहीत. म्हणून धुरपदाबाई सुईण दाराशी बसवली होती. दोन्ही उमेदवारांनी तिला कबूल केलं होतं. सगळ्या घरांत तिचं जाणं-येणं. ती घुंगटाआड बघायची, नाव सांगायची, मी चिठ्ठी द्यायचे. मग बाई एकटी पडद्यामागे जायची. तिथे लाल आणि पिवळी अशा दोन पेट्या. जिला वाटेल त्या पेटीत चिठ्ठी."

"पडद्यामागे तुम्ही गेलात?"

"नाही. नियमच होता. आणि गेले असते तर सगळ्यांनी पाहिलं असतं."

"दिवसभरात कोणी खोकलं? डोळ्यांची आग झाली? काही वास?"

निर्मलाबाईंना प्रश्न विचित्र वाटला. "खोली लहान, खिडक्या बंद. उकाडा होता. पण वास नव्हता."

"भांडण?"

"एक झालं. अगदी शेवटी. भागाबाई म्हणून बहादरपूरच्या बाई आहेत. गावात त्यांचं घर आहे म्हणून इथे मत. त्या आल्या तर त्यांच्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेलेलं. त्या मला चोर म्हणून गेल्या."

"आणि तुम्ही ते कोणाला सांगितलं नाहीत?"

"मी अहवालात लिहिलं होतं." निर्मलाबाईंचा आवाज चढला. "वाचलं नाही कोणी. मला शिव्या द्यायला मात्र सगळ्यांना वेळ आहे. तुम्हीही ठरवूनच आला असाल, तर तसं सांगा. मी दुसरीकडे नोकरी शोधते."

सबनीस उठले. "ठरवून आलो असतो तर पेटीतला कोळसा चिवडला नसता. तुम्ही शिक्का लावल्यानंतर तेजाब ओतलं गेलं असतं तर वरच्या चिठ्ठ्या आधी जळाल्या असत्या. इथे वरच्या वाचल्या. म्हणजे तेजाब पडलं, आणि त्यानंतरही काही बायकांनी वर मतं टाकली. हे मतदान चालू असताना झालंय, बाई. पडद्यामागे गेलेल्या बायकांपैकीच एकीने केलंय."

३

गिरधरशेठच्या कारखान्यात शिरताच सबनीसांना ठसका लागला. कोपऱ्यात भट्टीजवळ मातीच्या भांड्यात चांदी तेजाबात उकळत होती आणि तांबूस वाफ वर चढत होती. तिथे काम करणाऱ्या निंबा कारागिराची बोटं हळदीसारखी पिवळी पडली होती.

"बघा, बघा," गिरधरशेठ म्हणाला. "लीलाधरनेच पाठवलं ना तुम्हाला? वीस वर्षं तो नगरपालिका स्वतःची जागीर समजून चालवतोय. या खेपेला हरणार म्हणून हे नाटक! आपलीच पेटी जाळली आणि नाव माझं. फेरमतदान झालं की पुन्हा बोगस बायका आणायला मोकळा!"

"म्हणजे तुम्ही जिंकणार होता?"

"बिलकुल!"

सबनीसांनी खिशातून कागदाचा तुकडा काढला आणि निंबाला म्हणाले, "यावर तुझ्या बरणीतलं थोडं टाक."

निंबाने काचेच्या कांडीने थेंब टाकले. कागद पिवळट झाला, फुगला, लिबलिबीत झाला. सबनीस बराच वेळ बघत उभे राहिले. कागद काळा पडला नाही.

"दुसरं कुठलं तेजाब ठेवता?"

"नही साहेब," निंबा म्हणाला. "आमचं हे शोऱ्याचंच, चांदी विरघळवायचं. दुसऱ्याचं इथे काय काम?"

"कागद जाळून काळा करतं ते गंधकाचं तेजाब कुठे मिळेल?"

निंबाने मालकाकडे भीतभीत पाहिलं. गिरधरशेठ हसला. पहिल्यांदाच मनापासून हसला.

"ते मोटारीच्या बॅटरीत घालतात, साहेब. आणि या वॉर्डात मोटार एकाच माणसाकडे आहे."

४

लीलाधर चौधरीची मोटार अंगणातल्या छपराखाली उभी होती. छपराच्या कोनाड्यात वेताच्या टोपलीत काचेचा मोठा बुधला. सबनीसांनी बूच काढून पाहिलं. वाफ नाही, वास नाही. त्यांनी काडीने एक थेंब कागदावर टाकला. कागद आधी तपकिरी झाला, मग काळा, मग तिथे भोक पडलं.

"काय करताय?" लीलाधर ओसरीवरून ओरडला. "गुन्हेगार तिकडे बसलाय आणि तुम्ही माझी मोटार तपासताय? मी डेप्युटी कमिशनरसाहेबांना ओळखतो, मालूम आहे ना?"

"त्यांनीच पाठवलंय मला. या छपराला कुलूप असतं?"

"घरातल्या घरात कुलूप कशाला? दगा नावाचा ड्रायव्हर असतो. घरची माणसं असतात."

"मतदानाच्या दिवशी घरातलं कोण गेलं होतं?"

"माझी आई. मोटारीने गेली, माझ्याच पेटीत मत टाकून आली. तिच्या एकटीच्याच नावावर घर आहे. बायकोचं नाव यादीत नाही."

"आणखी कोणी नाही?"

लीलाधरने मान फिरवली. "चहा!" तो आत बघून म्हणाला.

दाराआडून एक हात पुढे आला. फक्त हात. मनगट बोडकं, त्यात बांगडी नाही, आणि बोटांच्या सांध्यांवर ताजे ओरखडे. हाताने तबक उंबऱ्यावर ठेवलं आणि मागे सरला.

"कोण त्या?"

"भावजय. धाकट्या भावाची विधवा, उषा. तिचं काय?" लीलाधरने कप उचलला. "साहेब, मला फेरमतदान नको आहे. मी जिंकलोय. पिवळी पेटी उघडा, मोजा, गिरधरची मतं किती ते बघा. बाकीची सगळी माझी."

"कायद्यात तसं होत नाही. चिठ्ठी समोर नसेल तर मत मोजता येत नाही. काही बायका चिठ्ठी कनवटीला लावून घरीही नेतात."

"मग कायदा गाढव आहे!"

पण सबनीसांनी त्याच संध्याकाळी दोन्ही पक्षांसमोर पिवळी पेटी उघडली. मोजण्यासाठी नव्हे, चौकशीसाठी. आतल्या चिठ्ठ्या एका ओंजळीत मावल्या. गिरधरशेठचा चेहरा उतरला.

लीलाधर खरं बोलत होता. तो जिंकत होता. मग आपलीच पेटी तो कशाला जाळेल?

५

भागाबाई बहादरपूरहून बैलगाडीने आली ती भांडायच्याच तयारीने. केळीचा बाग एकटीने सांभाळणारी, उन्हाने रापलेली बाई.

"मी मेली नाही, साहेब! जित्ती हाये! माझं मत कोनी खाल्लं ते सांगा मले!"

सबनीसांनी धुरपदाबाईला तिच्यासमोर बसवलं. सुईण पदर सावरत बसली, नजर जमिनीकडे.

"हिला ओळखतेस?"

"ओळखते. भागाबाई."

"मग त्याआधी कोणाला भागाबाई म्हणालीस?"

"गर्दी होती, साहेब. उकाडा होता. चुकलं आसंन."

"माझ्या दोन पोरांच्या टायमाले हीच आली होती," भागाबाई उसळली. "तवा इनं माझं तोंड रातभर पाहिलं. आता म्हने चुकलं! खोटारडी!"

"निर्मलाबाईंची नोकरी गेली आहे," सबनीस म्हणाले. "तेजाबाचा आळ आता तुझ्यावर येईल. खोट्या बाईला आत सोडणारी तू. तुरुंगात तुला सोबत कोणी येणार नाही. ज्याने पैसे दिले तोही नाही."

 धुरपदाबाईने भागाबाईकडे पाठ केली.

"तेजाबाचं मले काई मालूम नही. गंगाजळाची शपथ," ती म्हणाली. "लीलाधरभाऊनी सांगितलं होतं. ज्या बायका गावात नही, त्यांच्या नावानं भाऊंच्या बाया येतीन. खूण एकच, उजव्या हातात एकच हिरवी बांगडी. ती दिसली का नाव मान्य करायचं, तोंड पाहायचं नही. दिवसभर तशा आल्या. मी सोडल्या."

"भागाबाईच्या नावाने आलेलीही?"

"तिच्याही हातात बांगडी होती." धुरपदाबाईने स्वतःचं मनगट धरून दाखवलं. "पन साहेब, बाकीच्या बायांच्या हातात बांगडी बसलेली होती. हिनं ती जबरदस्तीनं चढवली होती. हात पार सोलला होता. बांगडीची सवय गेलेला हात होता तो. मले तवाच समजलं का ही विधवा हाये. आन विधवेनं हिरवी बांगडी घातली म्हणून माझ्या अंगावर काटा आला. पन मी बोलले नही. बोलले असते तर बाकीच्याही उघड्या पडल्या असत्या."

सबनीसांनी टोपी उचलली. त्यांच्या डोळ्यांसमोर तबक ठेवणारा तो हात होता. फक्त एक गोष्ट अजून कळायची होती, आणि ती विचारायला ते पुन्हा शाळेकडे निघाले.

६

दुसऱ्या दिवशी टाऊन हॉल भरला होता. लीलाधरची माणसं उजवीकडे, गिरधरशेठची डावीकडे. मध्ये उखर्डू हवालदार काठी आडवी धरून उभा. निर्मलाबाई एकट्या मागच्या बाकावर. लीलाधरला सबनीसांनी घरच्या बायकांनाही आणायला सांगितलं होतं. त्याच्यासाठी हा अपमान होता, आणि तो रागाने धुमसत होता.

"तेजाब गिरधरशेठच्या कारखान्यातलं नाही," सबनीसांनी सुरुवात केली. "त्यांचं तेजाब कागद काळा करत नाही. आणि त्याची वाफ अशी असते की त्या बंद खोलीत सगळ्या बायका खोकत बाहेर पळाल्या असत्या. पेटीत पडलं ते गंधकाचं. बिनवासाचं. पदराआडच्या काचेच्या बाटलीतून फटीत ओतलं तर पडद्याबाहेर कोणाला कळणार नाही. ते चौधरींच्या मोटारीच्या छपराखाली आहे."

डावीकडून आरोळी उठली. लीलाधर उभा राहिला. "खोटं! माझीच पेटी मी—"

"तुम्ही नाही. तुम्ही जिंकत होता. पिवळी पेटी सगळ्यांनी पाहिली. बसा." सबनीसांनी आवाज चढवला नाही. "ज्याला तुम्ही हरलेले हवे होतात, आणि ज्याचा हात तुमच्या छपरापर्यंत पोचतो, असं माणूस तुमच्या घरातच आहे. त्या बाईचं नाव मतदारयादीत नव्हतं, म्हणून तिला दुसरीच्या नावाने जावं लागलं. दार तुम्हीच उघडून ठेवलं होतं. तुमच्या बोगस बायकांची खूण घरात सगळ्यांना ठाऊक होती. एक हिरवी बांगडी घातली की झालं."

हॉलमध्ये कुजबुज पसरली. गिरधरशेठ हसू लागला. लीलाधर पांढराफटक पडला.

"मी निर्मलाबाईंना विचारलं, मागच्या निवडणुकीत चौधरींच्या घरून कोण मतदार होतं? त्या म्हणाल्या, आई आणि धाकटी सून. नवरा गेल्यावर अर्धं घर सुनेच्या नावे होतं, तिचं नाव यादीत होतं. या खेपेला यादी दुरुस्त होताना एका माणसाने हरकत घेतली. म्हणाला, हिचं घर नाही, ही माझ्या अन्नावर जगते. नाव कापलं गेलं. हरकत घेणारा तिचा थोरला दीर, तिचा जेठ होता."

"घरचा मामला आहे हा!" लीलाधर ओरडला. "तिला काय कळतं? घर वाटलं असतं तर—"

"मी टाकलं तेजाब."

आवाज बायकांच्या बाजूने आला. उषा उभी राहिली होती. तिने घुंगट मागे सारला. जेठासमोर तिने आजवर तोंड उघडं केलं नव्हतं. लीलाधर नजर कुठे ठेवावी हे न कळून भिंतीकडे बघू लागला.

"हरकतीच्या दिवशी मी कचेरीच्या बाहेर टांग्यात होते," ती म्हणाली. "मला आत बोलावलं नाही. माझं नाव कापलं, घरही गेलं, ते मला घरी आल्यावर कळलं. सासूबाईंना म्हटलं, त्या म्हणाल्या, विधवेला यादी कशाला? मग याच घरात परक्या बायका बांगड्या भरून मेलेल्यांच्या, गाव सोडलेल्यांच्या नावाने मत द्यायला निघाल्या. मी त्यांना पानसुपारी दिली. मी जिवंत, मला मत नाही. मी एक बांगडी उचलली."

"आग लावलीस घराला!" सासूने तिचा पदर ओढला. "हरामखोर!"

"मी पिवळ्या पेटीत चिठ्ठी टाकली," उषा तिला न जुमानता म्हणाली, "आणि लाल पेटीत तेजाब. त्यांनी माझं नाव पुसलं, मी त्यांची सगळी मतं पुसली. हवालदारसाहेब, चला."

७

लीलाधरवर बोगस मतदानाचा खटला भरायची शिफारस झाली. तो पुढे बरीच वर्षं निवडणुकीला उभा राहू शकला नाही. धुरपदाबाईलाही सोडलं नाही. गिरधरशेठच्या माणसांनी फटाके वाजवले, तेव्हा सबनीसांनी त्याला बोलावून सांगितलं की फेरमतदान होईल आणि या खेपेला दाराशी मी स्वतः बसेन. गिरधरशेठ खांडव्याच्या अधिकाऱ्यांना शिव्या देत घरी गेला. आपल्यालाही काही बोगस बायका आणायच्या होत्या, हे तो बोलला नाही.

निर्मलाबाईंना शाळा परत मिळाली. फाटकावरचं शेण त्यांनी स्वतः धुतलं.

उषाला चौकीच्या ओसरीवर बसवलं होतं. गुन्हा जामिनावर सुटण्यासारखा होता, पण चौधरींच्या घरातून कोणी आलं नाही. माहेर धूलकोटला. भाऊ निरोप पोचताच म्हणाला, आमच्याकडे अशी बहीण नाही. संध्याकाळ होत आली.

तेव्हा निर्मलाबाई आल्या. उखर्डूने खुर्ची पुढे केली, त्या बसल्या नाहीत.

"तुम्हाला ठाऊक होतं, आळ माझ्यावर आलाय," त्या उषाला म्हणाल्या. "दगड मारले मला. माझ्या मुलींनी रस्त्यात तोंड फिरवलं. तुम्ही घरात बसून ऐकत होता."

"हो," उषा म्हणाली.

"एक शब्द बोलला नाहीत."

"भीती वाटली. वाटलं, तुम्ही शिकलेल्या, तुम्ही सुटाल. माझं कोण आहे?"

"म्हणून मला बुडू दिलंत."

उषाने मान खाली घातली नाही. "हो. माफ करा असं म्हणायला मला तोंड नाही."

"मी करणारही नाही," निर्मलाबाई म्हणाल्या.

त्या आत गेल्या. सबनीस टेबलापाशी लिहीत होते. निर्मलाबाईंनी त्यांच्याकडून जामिनाचा कागद मागितला. सबनीसांनी वर पाहिलं.

"विचार करा, बाई. ही पळाली तर तुमच्यावर येईल. शिवाय चौधरी शाळा कमिटीवर नसला तरी त्याची माणसं आहेत. तुम्हाला या गावात राहायचं आहे."

"तिलाही राहायचंय."

"तुम्ही तिला क्षमा केलीत?"

"नाही," निर्मलाबाई म्हणाल्या, आणि सही केली. "पण घर नसलेल्या बाईला या देशात जामीनही मिळत नाही, हे तिला आज कळायला नको."

त्या बाहेर आल्या. उषा उठून उभी राहिली. कुठे जायचं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. निर्मलाबाई तिच्याशी एक शब्दही न बोलता पायऱ्या उतरल्या, रस्त्यावर जाऊन थांबल्या, आणि मागे न बघता तिची वाट पाहू लागल्या.